हात किती हलला? : डेस्कटॉपवरच्या सापेक्ष माउस-हालचालीची पार्श्वभूमी

पडद्यावर बाण कुठे आहे आणि टेबलावरचा हात किती हलला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लिनक्सच्या डेस्कटॉपने ही गोष्ट पूर्णपणे मान्य करायला जवळपास तीस वर्षं घेतली. मधल्या काळात गेम, त्रिमितीय आरेखनाची सॉफ्टवेअर आणि आभासी संगणक यांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या उत्तरातून खोदून काढावं लागलं. ते का घडलं हे समजायला माउसपासूनच सुरुवात करावी लागते.

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या एसआरआय संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनवला. त्याच्या लाकडी खोक्याखाली काटकोनात बसवलेली दोन चाकं होती आणि प्रत्येक चाकाला पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की व्होल्टेज बदलणारा भाग, जोडलेला होता. म्हणजे त्यातून निघणारं व्होल्टेज हेच एक प्रकारचं स्थान होतं. पुढे झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्राच्या काळात पोटेन्शिओमीटरच्या जागी स्पंद देणारे एन्कोडर आले आणि माउसचा स्वभावच बदलला. आता तो ‘मी इथे आहे’ असं सांगेनासा झाला. ‘मघापासून इतका उजवीकडे, इतका खाली’ एवढंच तो सांगू लागला. डोळे मिटून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखी त्याची अवस्था झाली. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ माउसच्या तीन बाइटांच्या निरोपात हे स्वच्छ दिसतं. पहिल्या बाइटमध्ये बटणं, दिशेची चिन्हं आणि मोजणी ओसंडल्याच्या खुणा असतात, तर उरलेल्या दोन बाइटांत आडवा आणि उभा फरक. स्थानाचा त्यात कुठेच उल्लेख नाही.

त्याच १९८७ च्या सप्टेंबरमध्ये पडद्यावरच्या खिडक्या आणि माउस-कळफलक सांभाळणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स ११, बाहेर पडली. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने माउसच्या फरकांचं जे केलं, ते त्या काळाच्या गरजेला धरूनच होतं. सर्व्हर, म्हणजे पडदा आणि माउस सांभाळणारा एक्सचा मुख्य प्रोग्रॅम, येणारे फरक गोळा करतो, हात वेगाने हलत असेल तर ते वाढवतो, बेरीज पडद्याच्या कडेला अडवतो आणि अॅप्लिकेशनला ‘बाण आता अमुक ठिकाणी आहे’ असा मोशन-नोटिफायचा निरोप पाठवतो. त्यातले आकडे १६ बिटांचे पूर्णांक. मेनू उघडायला, मजकूर निवडायला, खिडकी ओढायला एवढं पुरतं. पण या वाटेवर माउसने सांगितलेली मूळ गोष्ट गळून जाते. बाण उजव्या कडेला टेकला की हात उजवीकडे कितीही सरकवा, जागा बदलत नाही, त्यामुळे अॅप्लिकेशनला काहीच कळत नाही.

ही उणीव खरी बोचू लागली ती १९९० च्या दशकात. १९९६ च्या क्वेकसारख्या गेममध्ये माउस म्हणजे खेळाडूची मान. गोल फिरत राहायचं तर कडा असूनच चालत नाही. मग एक युक्ती रूढ झाली: बाण लपवायचा, तो खिडकीच्या मधोमध नेऊन ठेवायचा, हलला की मध्यापासूनचं अंतर मोजायचं आणि त्याला पुन्हा मध्यावर आणायचं. एक्समध्ये बाण उचलून ठेवायची विनंती होती, वॉर्प-पॉइंटर. विंडोजवरच्या क्वेकनेही हेच केलं, फक्त तिथल्या सेट-कर्सर-पॉसच्या आधाराने.

युक्ती चालली, पण तिच्यात किती खाचखळगे होते हे तपशिलात गेल्यावर कळतं. बाण उचलून मध्यावर ठेवला की एक्स सर्व्हर त्याचाही मोशन-नोटिफाय पाठवतो, जणू माणसानेच तो हलवला. ‘हा निरोप मीच घडवलेला’ हे अॅप्लिकेशनने ओळखायचं कशावरून? आकडे मध्याचे आहेत एवढ्यावरून. शिवाय एक्सचा संवाद असमकालिक आहे, म्हणजे विनंती पाठवणारा उत्तराची वाट पाहत थांबत नाही. विनंती सर्व्हरपर्यंत पोचेस्तोवर आधीच्या हालचालींचे निरोप रांगेत आलेले असतात आणि त्यांची वजाबाकी चुकीच्या मूळ बिंदूपासून झाली की दृश्य झटका खातं. त्यात सर्व्हरने वेगवाढ आधीच मिसळलेली, अपूर्णांक आधीच कापलेले. गेमने स्वतःची संवेदनशीलता त्यावर चढवली की हाताचा आणि दृश्याचा ताळमेळ सुटतो. नेम धरण्यासाठी स्नायूंना सवय लागावी लागते आणि ती सवय हात व दृश्य यांच्या कायमच्या प्रमाणावरच बसते. म्हणून खेळाडू वेगवाढीला इतके वैतागत. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं.

एक्सची मुक्त आवृत्ती बनवणाऱ्या एक्सफ्री८६ प्रकल्पाच्या डीजीए या विस्ताराने एक आडवाट दिली. त्याचा मूळ हेतू ग्राफिक्स कार्डच्या स्मृतीत थेट लिहू देण्याचा होता, पण त्यात माउसचे फरक थेट मिळण्याचीही सोय होती. क्वेक ३ च्या लिनक्स आवृत्तीत डीजीए माउससाठी वेगळी सेटिंग दिसते ती यामुळेच. चित्रासाठी केलेल्या विस्ताराच्या खिशातून माउसचा फरक काढावा लागणं, यावरून मूळ रचनेत त्याला किती जागा होती ते कळतं. विंडोजने मात्र हा प्रश्न लवकर सोडवला. २००१ च्या एक्सपीपासून तिथे रॉ इनपुट आहे आणि उपकरणाने दिलेला फरक तसाच अॅप्लिकेशनपर्यंत येतो.

एक्समध्ये नीट उत्तर आलं ते २००९ मध्ये, एक्स सर्व्हर १.७ बरोबरच्या एक्सइनपुट २ या विस्तारातून. पीटर हटरर यांनी एकाच पडद्यावर अनेक बाण चालवण्यासाठी केलेल्या कामातून ते वाढलं. त्यातल्या रॉ मोशन निरोपात वेगवाढ झालेले आणि न झालेले असे दोन्ही आकडे असतात. पहिल्या आवृत्तीत दुसऱ्या अॅप्लिकेशनने माउस पकडून ठेवला असेल तर हे निरोप थांबत, २.१ मध्ये ती अडचण गेली. २०१३ च्या एसडीएल २.० या गेमसाठीच्या लायब्ररीने याच पायावर सापेक्ष माउसची तयार सोय दिली, त्यामुळे बहुतेक गेम लिहिणाऱ्यांना या भानगडीत पडावंच लागलं नाही.

तरी दोन गोष्टी उरल्या. एक किचकट: रॉ निरोपात फक्त हललेल्या अक्षांचेच आकडे येतात. माउस सरळ वर गेला तर यादीतला पहिला आकडा आडवा नसून उभा असतो. हे न तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वर बघायला जावं तर मान बाजूला वळायची. दुसरी गोष्ट गंभीर: रॉ निरोप मूळ खिडकीवर, म्हणजे साऱ्या पडद्याच्या तळाशी असलेल्या खिडकीवर, ऐकायचे असल्यामुळे पार्श्वभूमीला चालणारा कोणताही प्रोग्रॅम हाताची प्रत्येक हालचाल टिपू शकतो. कळफलकाचेही रॉ निरोप असेच ऐकता येतात, हे लक्षात घेतलं की प्रश्नाचं वजन कळतं.

क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी एक्सची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडने नेमका इथे कडक पवित्रा घेतला. अॅप्लिकेशनला आपली खिडकी पडद्यावर कुठे आहे हेच कळत नाही. माउसचं स्थान मिळतं ते आपल्या पृष्ठभागापुरतं, म्हणजे स्वतःच्या खिडकीच्या चित्रापुरतं, एका पिक्सेलच्या २५६ व्या भागाइतकं बारीक. बाण उचलून ठेवायची विनंती तेव्हा नव्हतीच. २०१२ च्या १.० आवृत्तीत सापेक्ष हालचालही नव्हती, म्हणजे जुनी युक्ती बंद आणि नवी वाट तयार नाही. वेलँडवर गेम चालत नाहीत ही तक्रार त्या वर्षांत खरीच होती.

तोडगा योनास ओदाल यांच्या दोन प्रोटोकॉलांतून आला. ते २०१६ पर्यंत वेलँड-प्रोटोकॉल्स संचात दाखल झाले. पहिला रिलेटिव्ह पॉइंटर: हालचालीचा फरक वेगवाढीसह, वेगवाढीविना आणि मायक्रोसेकंदांतल्या वेळेसकट. दुसरा पॉइंटर कन्स्ट्रेंट्स: बाण जागीच कुलूपबंद करणं किंवा ठरावीक क्षेत्रात कोंडणं. कुलूप लागलं की स्थानाचे निरोप थांबतात आणि फरकाचे चालू राहतात. फरकाचे निरोप ज्या पृष्ठभागावर माउसचा रोख आहे त्यालाच मिळतात. कुलूप कधी लावायचं आणि कधी काढायचं हे कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून पडदा रंगवणारा वेलँडचा प्रोग्रॅम, ठरवतो. अॅप्लिकेशन फक्त मागणी करतं आणि सुटल्यावर बाण कुठे दिसावा एवढं सुचवू शकतं. माहिती देणं आणि ताबा देणं यांची ही फारकत मला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. अडकलेल्या गेममुळे माउस हातचा जाणं ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको. फरक मोजणारा स्तरही तोवर वेगळा झाला होता: वेस्टन या नमुना-कंपोझिटरमधून निघालेलं लिबइनपुट. त्याची १.० आवृत्ती २०१५ ची.

जुन्या गेमचं काय? ते एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या एक्स सर्व्हरमधून, चालतात आणि वॉर्प-पॉइंटरच मागतात. २०१६ च्या एक्स सर्व्हर १.१९ पासून एक्सवेलँड ही मागणी ओळखतं: बाण लपवलेला असेल आणि प्रोग्रॅम तो पुन्हा पुन्हा हलवू पाहत असेल, तर आतून कुलूप लावून सापेक्ष हालचालीवरून वॉर्पचा आभास निर्माण करतं. १९९६ च्या युक्तीला चालण्यासाठी वीस वर्षांनी असा दुभाष्या लागला.

आभासी संगणकात हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. आभासी संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये पाहुण्या (आतल्या) प्रणालीला पीएस/२ माउस दिला तर यजमानाला (बाहेरच्या खऱ्या संगणकाला) आपला माउस खिडकीत पकडून ठेवावा लागतो. पाहुणी प्रणाली स्वतःची वेगवाढ करते, त्यामुळे दोन्ही बाणांचं जुळत नाही. म्हणून यूएसबी टॅब्लेटचं सोंग घेतलं जातं, जे थेट स्थान सांगतं, आणि कार्यालयीन कामापुरता सगळा त्रास संपतो. पण त्याच संगणकात गेम उघडा: तो बाण मध्यावर ठेवतो, टॅब्लेट पुढच्याच निरोपात हाताची खरी जागा सांगतं, गेमला ते अख्खं अंतर नवी हालचाल वाटते आणि दृश्य भोवऱ्यात सापडतं. दूरच्या संगणकाचा पडदा दाखवणाऱ्या व्हीएनसीच्या मूळ निरोपातही फक्त बटणं आणि स्थान आहे. क्यूईएमयूने त्यात स्वतःची भर घातली: सापेक्ष अवस्थेत ३२७६७ हा आकडा शून्य मानायचा आणि फरक त्याच्या अलीकडे-पलीकडे लिहायचा. पण ही भर समजणारा दर्शक-प्रोग्रॅम दुसऱ्या टोकाला असेल तरच तिचा उपयोग.

सध्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा बोलायचा, आता काही माउस ८००० वेळा बोलतात. अॅप्लिकेशन क्षणभर अडकलं तर निरोप साचतात आणि वेलँडच्या ४०९६ बाइटांच्या बफरमुळे जोडणीच तुटण्याच्या तक्रारी येत होत्या. २०२४ च्या १.२३ आवृत्तीत तो बफर वाढवायची सोय झाली. आणि २०२५ मध्ये वेलँड-प्रोटोकॉल्समध्ये पॉइंटर-वॉर्पही आला. तो अॅप्लिकेशनच्या स्वतःच्या पृष्ठभागापुरताच आहे आणि विनंती मानायची की नाही हे अजूनही कंपोझिटरच्याच हाती आहे.