खाली धरणारा असला की शिडी घसरत नाही?

दिवाळीआधी घराघरात रंगकाम निघतं आणि तेच वाक्य ऐकू येतं, "तू चढ बिनधास्त, मी खाली धरून आहो ना!" धरल्यानं शिडी डुगडुगत नाही, हे खरं. पण घसरायची थांबेलच असं नाही.

हिशेब पाहा. ७० किलोचा माणूस टोकाजवळ उभा आहे आणि शिडी ४५ अंशात टेकवली आहे. गुळगुळीत भिंतीवर पाया बाहेर ढकलणारा जोर जवळपास ७० किलोइतका होतो. शिडी जमिनीशी ७५ अंशात ठेवली तर तोच १९ किलोवर येतो. शिडी टिकते ती कोनावर. (धरणाऱ्याचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये असतं, ते वेगळंच.) कोन मोजायला सोपं आहे: टेकू बारा फुटांवर, तर पाया भिंतीपासून तीन फूट. त्याहून उभी केली तर माणूस मागे कोसळू शकतो.

आपल्याकडे खरा घोळ जमिनीचा. पावसानं भिजलेल्या काळ्या मातीत एक पाय खचतो, शिडी तिरपी होते. खाली रुंद फळी टाका, पाय खुंट्यांना बांधा, वरचं टोक मजबूत वाशाला आवळा. कवेलूवर टेकवू नका, ते सरकतात.

आढ्याखालच्या कोपऱ्यासाठी शिडीवरून लोंबकळू नका. रोलरला लांब दांडा लावा, नाहीतर सरळ परांची बांधा. आणि जवळून विजेची तार जात असेल, तर बांबूच्या शिडीवरही विसंबू नका. ओल्या बांबूतून करंट येतो.