लोहियांचे मडगाव आणि लोहियांचा निवाडा

11 एप्रिल 1933 या एकाच दिवशी पोर्तुगालमध्ये विचारस्वातंत्र्य मान्य करणारी नवी राज्यघटना अमलात आली आणि वृत्तपत्रांवर छपाईपूर्व तपासणी बसवणारा हुकूमही निघाला. गोमंतकीयांच्या वाट्याला आला तो हुकूमच. मजकूर आधी तपासनिसाकडे जाई, त्याने खोडलेले छापता येत नसे. घटनेनेच या स्वातंत्र्याचे नियमन विशेष कायद्यांवर सोपवले होते, त्यामुळे असा हुकूम वाजवी आहे का, हे न्यायालयाने तोलायची सोयच उरली नव्हती. हमी कागदावर असणे आणि ती कोणाकडून तरी वसूल करता येणे यातला फरक गोव्याने असा जवळून पाहिला आहे.

18 जून 1946 रोजी सभाबंदी मोडून डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस मडगावात लोकांसमोर आले आणि पकडले गेले. त्याच मुक्तिचळवळीतले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. लोहियांचे मडगाव गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाचा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि आज गोव्यात कोणी बोलण्यावरून अडचणीत आला तर त्याच्या कामी येतो तो हा निवाडा.

तो समजायला थोडे मागे जावे लागते. भारताच्या संविधानातील कलम 19(1)(क) ने भाषणस्वातंत्र्य दिले आणि 19(2) ने त्यावरील निर्बंधांची कारणे ठरवली. मे 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बंदीहुकूम रद्द केले. एक होता मद्रास राज्यात 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकाला मज्जाव करणारा, दुसरा दिल्लीत 'ऑर्गनायझर'वर छपाईपूर्व तपासणी लादणारा. 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण तेव्हा 19(2) मध्ये नव्हतेच. सरकारने 18 जून 1951 रोजी पहिली घटनादुरुस्ती करून ते घातले. (तारीख मडगावचीच, पाच वर्षांनंतरची.) निर्बंधांची कारणे वाढली, पण त्याच दुरुस्तीने निर्बंध 'वाजवी' असावा अशी अटही घातली. त्या एका शब्दामुळे प्रत्येक निर्बंध तोलण्याचे काम कायमचे न्यायालयांकडे आले. 1963 मध्ये भारताचे सार्वभौमत्व व एकात्मता हे कारण जोडले गेले आणि एकूण कारणे आठ झाली. त्याबाहेरचे कारण सरकारला सांगता येत नाही, आणि कायद्याचा आधार नसलेला नुसता प्रशासकीय हुकूमही चालत नाही.

आता लोहियांचा खटला. उत्तर प्रदेशात कालव्याच्या पाण्याचे दर वाढले. 1954 मध्ये फर्रुखाबादला लोहियांनी शेतकऱ्यांना वाढीव दर भरू नका असे सांगितले आणि त्यांना अटक झाली. आधार होता 1932 चा, म्हणजे ब्रिटिश काळातला, सरकारी देणी बुडवायला चिथावणी देणे गुन्हा ठरवणारा प्रांतिक कायदा. सरकारचा युक्तिवाद असा : आज दर भरू नका म्हटले, उद्या आंदोलन होईल, परवा दंगल. जानेवारी 1960 मध्ये न्या. सुब्बाराव यांनी लिहिलेल्या निवाड्यात हा युक्तिवाद टिकला नाही. बोलणे आणि सुव्यवस्थेचा भंग यांचा संबंध निकटचा हवा, दूरचा, काल्पनिक किंवा ओढूनताणून जोडलेला चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि ते कलम घटनाबाह्य ठरले. 1965 मध्ये लोहियांच्याच स्थानबद्धतेवरून दुसरा निवाडा आला. त्यात न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे मांडली. सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. शांतताभंगाची प्रत्येक किरकोळ घटना सार्वजनिक सुव्यवस्थेपर्यंत पोहोचत नाही, हे त्यातून पक्के झाले.

याच काळात 'सकाळ'चा निवाडाही झाला, सप्टेंबर 1961 मध्ये. पानांच्या संख्येशी किंमत बांधणाऱ्या आदेशामुळे पुण्याच्या या दैनिकाला सहा दिवसांची 34 पाने 24 वर आणावी लागली असती किंवा सात नव्या पैशांची किंमत वाढवावी लागली असती. पाने कापली की मजकूर जातो, किंमत वाढवली की वाचक जातो. दोन्हींनी अभिव्यक्तीच आकसते म्हणून आदेश रद्द झाला.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. महिन्याभराने, 20 जानेवारी 1962 ला, केदारनाथ सिंग खटल्यात राजद्रोहाचे कलम हिंसेला किंवा बेबंदशाहीला चिथावणी देण्यापुरते मर्यादित करण्यात आले. भारतीय दंड संहिता गोव्यात लागू झाली ती त्यानंतर, म्हणजे हा आवळलेला अर्थ घेऊनच. 1982 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ गोव्यात आहे, पूर्वी पणजीला आणि 2021 पासून पर्वरीला.

2014 मध्ये गोव्यातल्या एका अभियंत्यावर फेसबुकवरील राजकीय मजकुरावरून गुन्हा नोंद झाला. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे कलम, होते. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले, आणि त्यासाठी 1960 च्या लोहिया निवाड्यातील निकट संबंधाची कसोटी वापरली. तरीही देशभर पोलीस ठाण्यांत हे मेलेले कलम लावले जात राहिले. ठाण्यात कलमांची यादी असते, निवाड्यांचे पुस्तक नसते. शेवटी ऑक्टोबर 2022 मध्ये ते कलम प्रलंबित खटल्यांतून वगळा, असा स्वतंत्र आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. संरक्षण असते, पण ते अटकेनंतर, फोन जप्त झाल्यानंतर, वकील लावल्यानंतर मिळते. ही उणीव मोठी आहे, आणि निवाडा कितीही चांगला असला तरी एकट्याने ती भरून काढत नाही.

मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके इथे लक्ष घातले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम 173(3) नुसार तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली तर ही वाट वापरणेच योग्य, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने जोखावा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या भित्र्याच्या नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. गुन्हे ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेतले गटांत वैर पसरवण्याचे कलम 196 आणि धार्मिक भावना दुखावण्याचे कलम 299 या टप्प्यात येतात. म्हणून गोव्यात अशी तक्रार झाल्यास वकिलाने पहिल्यांदा ही चौकशी झाली का, आणि नसल्यास का नाही, हे लेखी विचारावे. गुन्हा रद्द करण्यासाठी पर्वरीला अर्ज करताना हा मुद्दा कामी येतो. देशाचे सार्वभौमत्व, एकता व एकात्मता धोक्यात आणण्याबद्दलच्या न्याय संहितेच्या कलम 152 ला मात्र, त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जात असल्याने, ही चाळणी लागत नाही. तिथे पुन्हा निकट संबंधाचाच मुद्दा मांडावा लागतो.