ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे नेपाळी आजोळ

१५ मे २०२४ रोजी माधवीराजे शिंदे यांचे दिल्लीत निधन झाले. त्या दिवशीच्या बहुतेक बातम्यांत एक वाक्य होतेच: त्या नेपाळच्या राजघराण्यातल्या होत्या. ज्योतिरादित्य शिंदे यांच्या मातोश्रींची अशी ओळख अनेक वर्षे करून दिली जाते, पण ती बरोबर नाही. नेपाळचे राजे शहा. माधवीराजे राणा घराण्यातल्या. याच राणांनी १८४६ ते १९५१ अशी १०४ वर्षे शहा राजाला गादीवर नुसते बसवून ठेवले आणि कारभार स्वतः केला. छत्रपती साताऱ्यात आणि सत्ता पुण्यात, हे चित्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना राणा कोण होते हे समजायला वेळ लागणार नाही.

हा फरक लक्षात घेतला नाही तर शिंदे घराण्याचे नेपाळशी असलेले नाते म्हणजे दोन राजवाड्यांची सोयरीक एवढेच उरते. खरे तर त्या नात्याची सुरुवात एका हद्दपारीतून झाली.

सप्टेंबर १८४६ मध्ये काठमांडूच्या कोत या शस्त्रागाराच्या आवारात एका रात्रीत दरबारातले कित्येक सरदार कापले गेले आणि जंगबहादूर कुंवर हा तरुण सेनाधिकारी पंतप्रधान झाला. पुढे त्याने राणा ही पदवी घेतली आणि पंतप्रधानपद आपल्या घराण्यात वंशपरंपरेने राहील अशी व्यवस्था केली. या व्यवस्थेत एक मोठी मेख होती. पद बापाकडून मुलाकडे जायचे नाही, थोरल्या भावाकडून धाकट्या भावाकडे जायचे. त्या पिढीतले भाऊ संपले की मग पुढच्या पिढीतल्या ज्येष्ठाकडे. याला रोलक्रम म्हणत. म्हणजे रांगेत तुमच्या पुढे उभा असलेला प्रत्येक सख्खा, चुलत भाऊ तुमची वाट अडवून उभा असायचा. त्याला दूर करायचे दोनच मार्ग होते, मारणे किंवा देशाबाहेर घालवणे. राणांच्या पुढच्या शंभर वर्षांत दोन्ही मार्ग वापरले गेले.

जंगबहादूर १८७७ मध्ये वारला. त्याच्यानंतर भाऊ रणोद्दीप सिंह पंतप्रधान झाला. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्याच्या पुतण्यांनी, म्हणजे धीर शमशेर या भावाच्या मुलांनी, त्याला गोळ्या घालून मारले. जंगबहादूरचा थोरला मुलगा जगत जंग हाही त्याच वेळी मारला गेला. शनिवारवाड्यात पुतण्याने काकाला हाक मारली होती. इथे काकाचे मारेकरी पुतणेच होते. या शमशेर भावांपैकी थोरला बीर शमशेर पंतप्रधान झाला. कटात आघाडीवर असलेला खड्ग शमशेर सेनापती झाला खरा, पण दोनच वर्षांत बीर शमशेरने त्याला रोलक्रमातून काढले आणि पाल्पाला पाठवून दिले. तिथे काली गंडकीच्या काठी त्याने पत्नी तेजकुमारीच्या आठवणीत बांधलेला रानीमहल आजही उभा आहे. नंतर खड्ग शमशेर देश सोडून ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात, सागरला येऊन राहिला आणि १९२१ मध्ये तिथेच गेला.

या सागरच्या घरात १२ ऑक्टोबर १९१९ रोजी खड्ग शमशेरच्या मुलीला मुलगी झाली. बाळंतपणात आई गेली. वडील ठाकूर महेंद्र सिंह सरकारी नोकरीत होते, त्यामुळे मूल आजोळीच वाढले. तिचे नाव लेखा दिव्येश्वरी. १९४१ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्याशी लग्न झाल्यावर ती विजयाराजे झाली. सारा देश पुढे त्यांना राजमाता म्हणू लागला.

त्या काळी हे लग्न साधे नव्हते. कण्हेरखेडच्या शिंद्यांच्या गादीवर मराठा नसलेली महाराणी येणार म्हणून ग्वाल्हेरच्या मराठा सरदारांचा उघड विरोध होता. त्यात मुलीकडे राज्य नाही, जहागीर नाही, बाप सरकारी अधिकारी आणि आजोळ परागंदा. जिवाजीराव हटले नाहीत. विजयाराजेंच्या पुढच्या आयुष्यातला करारी, कोणापुढे न वाकणारा स्वभाव पाहिला की मला नेहमी सागरचे ते घर आठवते. सत्ता गमावलेल्या माणसांच्या घरात वाढलेल्या मुलीला सत्तेचे भय वाटत नसावे.

इथे जरा मागे जायला हवे, कारण शिंदे आणि राणा या दोन घराण्यांची गाठ लग्नाच्या आधीही एकदा पडली होती, आणि ती मराठी माणसाला सुखावणारी नाही. १८५७च्या उठावात जंगबहादूर हजारो गोरखे सैनिक घेऊन इंग्रजांच्या मदतीला उतरला आणि मार्च १८५८ मध्ये लखनौ पाडायला हातभार लावला. त्याच वर्षी जूनमध्ये झाशीची राणी आणि तात्या टोपे ग्वाल्हेरवर चालून आले तेव्हा जयाजीराव शिंदे यांचे सैन्य फुटले, पण स्वतः जयाजीराव आग्र्याला इंग्रजांकडे गेले. लक्ष्मीबाई ग्वाल्हेरलाच धारातीर्थी पडल्या. नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले. बेगम हजरत महल काठमांडूला पोहोचली आणि १८७९ मध्ये तिथेच वारली. ज्या जंगबहादूरने लखनौवर तोफा चालवल्या त्याच्याच राज्यात लखनौच्या बेगमेला आणि पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना आसरा मिळाला, ही गोष्ट वाचताना आजही मन थबकते. इंग्रजांनी जंगबहादूर आणि जयाजीराव या दोघांनाही बक्षिसी दिली. नेपाळला १८१६ मध्ये गमावलेल्या तराईतला पश्चिमेकडचा भाग परत मिळाला. बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हे त्यातले जिल्हे. जयाजीरावांना मानमरातब आणि मुलूख मिळाला. या दोन घराण्यांत पुढे सोयरिकी झाल्या त्याला ही समान पार्श्वभूमी आहे. दोघांचेही वैभव ब्रिटिश राजवटीच्या आधाराने टिकलेले होते, आणि दोघांनाही सोयरिकीसाठी बरोबरीची घराणी हवी होती.

आता दुसरी सोयरीक. विजयाराजेंची मुलगी उषाराजे काठमांडूला पशुपती शमशेर राणा यांच्याकडे दिली. पशुपती शमशेर हे शेवटचे राणा पंतप्रधान मोहन शमशेर यांचे नातू आणि चंद्र शमशेर यांचे पणतू. हा चंद्र शमशेर म्हणजे खड्ग शमशेरचा धाकटा भाऊ, ज्याने १९०१ मध्ये आणखी एका भावाला, देव शमशेरला, ११४ दिवसांत पदावरून काढून पुढची २८ वर्षे राज्य केले. म्हणजे खड्गची पणती त्याच्या भावाच्या पणतूची बायको होऊन काठमांडूला गेली. ज्या गावातून पणजोबाला घालवले होते त्याच गावात ती सून म्हणून नांदायला आली.

तिसरी सोयरीक १९६६ मधली. विजयाराजेंचे पुत्र माधवराव शिंदे यांचे लग्न किरण राज्यलक्ष्मी यांच्याशी झाले आणि मराठा रीतीप्रमाणे सासरी त्यांचे नाव माधवीराजे ठेवले गेले. त्या जुद्ध शमशेर यांच्या घराण्यातल्या. जुद्ध हाही खड्ग आणि चंद्र यांचा भाऊ. १९३४चा मोठा भूकंप त्याच्याच कारकिर्दीत झाला. काठमांडूच्या गजबजलेल्या न्यू रोडचे मूळ नाव जुद्ध सडक आहे. १९४१ मध्ये शुक्रराज शास्त्री, धर्मभक्त माथेमा, दशरथ चंद आणि गंगालाल श्रेष्ठ या चौघांना मृत्युदंड देणाराही तोच. नेपाळात त्या चौघांना हुतात्मा मानतात. जुद्धने १९४५ मध्ये पद सोडले आणि अखेरची वर्षे देहरादूनला काढली. धीर शमशेरच्या तीन मुलांच्या शाखा अशा दोन पिढ्यांत शिंद्यांच्या घराला येऊन मिळाल्या. तोपर्यंत तिघांपैकी कोणाच्याही वंशाकडे नेपाळची सत्ता उरलेली नव्हती. नोव्हेंबर १९५० मध्ये राजा त्रिभुवन यांनी भारतीय दूतावासात आश्रय घेतला, फेब्रुवारी १९५१ मध्ये राणाशाही संपली आणि मोहन शमशेर बंगळूरला येऊन राहिले.

सत्ता गेली तरी हे नाते कागदावर राहिले नाही. आणीबाणीत विजयाराजे तिहारच्या तुरुंगात होत्या आणि माधवराव नेपाळात. त्याच काळात नेपाळी काँग्रेसचे बी. पी. कोइराला तिथल्या राजाच्या राजवटीमुळे भारतात परागंदा होते. डिसेंबर १९७६ मध्ये ते अटक होणार हे ठाऊक असूनही मायदेशी परतले. सीमा एकच, आणि दोन्ही बाजूंचे विरोधक एकमेकांच्या देशात आसरा शोधत होते. पाठीशी आजोळ-सासर असलेल्या माणसाला तो सहज मिळाला. कोइरालांना परतल्यावर तुरुंग मिळाला.

पुढे पशुपती शमशेर राष्ट्रीय प्रजातंत्र पक्षाचे नेते झाले. १२ फेब्रुवारी १९९६ रोजी नरसिंह राव आणि नेपाळचे पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांनी महाकाली नदीच्या करारावर सह्या केल्या तेव्हा नेपाळचे जलस्रोत मंत्री तेच होते. त्यांचे मेहुणे माधवराव त्याच वर्षी जानेवारीत राव मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. या करारावरून नेपाळात आजही वाद होतो. पण तो वाद पाण्याच्या वाटपाचा आणि पंचेश्वर धरणाचा आहे. त्यात ग्वाल्हेरची सोयरीक ओढून आणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

२००१ मध्ये मात्र सोयरिकीचा विषय टाळता येत नाही. १ जूनच्या रात्री नारायणहिटी राजवाड्यात राजा बिरेंद्र आणि राणी ऐश्वर्या यांच्यासह अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. युवराज दीपेंद्र कोमात असतानाच तीन दिवस राजा होते आणि तेही गेले. राजघराण्यातली एकूण दहा माणसे मेली. नवे राजे ज्ञानेंद्र यांनी नेमलेल्या दोन सदस्यांच्या समितीने गोळीबार दीपेंद्र यांनीच केल्याचे सांगितले. पुष्कळ नेपाळी लोकांचा त्यावर अजून विश्वास नाही. दीपेंद्र यांना उषाराजे आणि पशुपती शमशेर यांच्या कन्येशी लग्न करायचे होते आणि राजवाड्यात त्याला विरोध होता, हे जगभर छापून आले. त्यावरून ही सारी घटना एका प्रेमकहाणीत कोंबण्यात आली आणि एका तरुण मुलीवर आयुष्यभराचे ओझे टाकले गेले. हा अन्याय आहे. कोतच्या रात्रीपासून ज्या दरबारात सत्तेचा निकाल बंदुकीने आणि तलवारीने लागत आला, त्या दरबाराचा इतिहास बाजूला ठेवून एका नकाराला कारण ठरवता येणार नाही.

शिंद्यांसाठी ते वर्षच काळे होते. २५ जानेवारीला विजयाराजे गेल्या, जूनमध्ये काठमांडूच्या लेकीच्या घरावर ही आपत्ती आली आणि ३० सप्टेंबरला मैनपुरीजवळ विमान कोसळून माधवराव गेले.

आणखी एक तारीख नोंदवायला हवी. ग्वाल्हेर संस्थान ज्या मध्य भारत संघात विलीन झाले त्याचे उद्घाटन २८ मे १९४८ रोजी झाले आणि जिवाजीराव राजप्रमुख झाले. नेपाळच्या संविधान सभेने राजेशाही संपवून प्रजासत्ताक जाहीर केले तो दिवस २८ मे २००८. मधे बरोबर साठ वर्षे. माधवीराजे या दुसऱ्या तारखेनंतर जवळजवळ सोळा वर्षे जगल्या. त्यांचे अंत्यसंस्कार ग्वाल्हेरला, शिंद्यांच्या छत्र्यांच्या आवारात झाले.