स्टडी बायबल आणि कॉमेंटरी: पान कुणाचं?

मंडळीत कुणी ‘कॉमेंटरी आणली’, म्हणजे बायबलवरचा भाष्यग्रंथ आणला, म्हणून जाडजूड पुस्तक दाखवलं, तर आधी उघडून पाहावं. पुष्कळदा ते स्टडी बायबल, म्हणजे टिपांसह छापलेलं बायबल, निघतं. दोष सगळा वाचकाचा नाही म्हणा. विल्यम बार्कले या स्कॉटिश प्राध्यापकाच्या १७ खंडांच्या मालिकेचं नावच ‘डेली स्टडी बायबल’, आणि आहे ती नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, कॉमेंटरी!

स्टडी बायबलमध्ये उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं शास्त्र असतं. टिपांना खाली उरेल तेवढी जागा. कॉमेंटरीचं पान भाष्यकाराचं. एका वचनावर तो तीन पानं लिहील.

योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय घ्या. एका मुलाच्या शिदोरीतून येशू पाच हजारांना जेवू घालतो, तो चमत्कार. पाच हजारांना भाकरी द्यायची, तर दोनशे दीनारांच्याही पुरणार नाहीत, असं येशूचा शिष्य फिलिप्प म्हणतो. टीप एवढंच सांगते की दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. पुढचा हिशोब आपला. बार्कले मात्र तिथे रेंगाळतो. मुलाजवळच्या भाकरी जवाच्या, म्हणजे सगळ्यांत स्वस्त, गरिबाच्या. मासळी म्हणजे कोरड्या भाकरीला तोंडी लावायचे बारीक खारवलेले मासे. मग चमत्कार कसा झाला असेल, याच्या तो दोन-तीन शक्यता मांडतो. त्यातली एक अशी: मुलाने आपली शिदोरी पुढे केलेली पाहून इतरांनीही दडवलेल्या शिदोऱ्या सोडल्या. हे वाचून कित्येक विश्वासणारे बार्कलेवर चिडतात. चिडावं की! पुठ्ठ्यावर नाव आहे, भांडायला माणूस समोर आहे.

टिपेशी असं भांडण होत नाही. ती वचनाच्या शेजारीच बसते आणि हळूहळू वचनाचा मान घेते. इंग्लंडच्या जेम्स राजाला हे बरोबर कळलं होतं. १५६० च्या जिनिव्हा बायबल या इंग्रजी भाषांतरात निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाच्या समासात टीप होती: इब्री मुलगे मारण्याची फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, आज्ञा सुइणींनी मोडली ते योग्यच, खोटं बोलल्या ते वाईट. राजाची आज्ञा मोडणं योग्य? तेही बायबलच्या पानावर? १६०४ साली हॅम्प्टन कोर्टला चर्चच्या पुढाऱ्यांबरोबर झालेल्या बैठकीत जेम्सने या टिपांवर तोंडसुख घेतलं, आणि १६११ चं त्याच्याच नावाने ओळखलं जाणारं भाषांतर अशा टिपांविना निघालं.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मी स्टडी बायबल घेईन. रोजच्या वाचनात अडतं ते दीनार, परूशी, शोमरोन अशा शब्दांवर. कॉमेंटरी मात्र एकेका पुस्तकाची घ्यावी, जे वाचत असू त्याची. सबंध संच हौसेने आणला जातो आणि कपाटात बसतो.

पुठ्ठ्यावरच्या नावाबद्दल एक सांगायचं राहिलं. बायबलचा भाष्यकार मॅथ्यू हेन्री १७१४ साली वारला तेव्हा त्याचं लिखाण प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत आलं होतं. पुढचं, रोमकरांस पत्रापासूनचं, इतर पाळकांनी पुरं केलं. तेव्हा रोमकरांस पत्रावर ‘हेन्री म्हणतो’ असं कुणी सांगू लागलं, तर ते म्हणणारा भलताच असतो.