शून्यन व्यतिकरणमापन (जमिनीवरून केलेले)

ताऱ्याच्या झगमगाटात हरवलेला ग्रह किंवा धूळ दिसावी म्हणून त्या ताऱ्याचा प्रकाश त्याच्याच प्रकाशाने खोडून काढण्याची पद्धत. दोन दुर्बिणींनी एकाच ताऱ्याचा प्रकाश गोळा करायचा, एका वाटेचे तरंग अर्ध्या तरंगलांबीने मागे ठेवायचे आणि मग दोन्ही एकत्र करायचे. एकाचे शिखर दुसऱ्याच्या दरीत बसते आणि तारा विझतो. बडोद्यात सुरसागरच्या पायरीवर बसून शांत पाण्यात थोड्या अंतरावर दोन खडे एकदम टाकले, की लाटांची वर्तुळे एकमेकांत मिसळतात आणि मधल्या काही रेषांवर पाणी जवळजवळ हलतच नाही. त्या स्थिर रेषा म्हणजेच शून्य. ग्रह ताऱ्याच्या किंचित बाजूला असतो, त्यामुळे त्याचे तरंग एका दुर्बिणीला जरासे उशिरा पोचतात. हा उशीर नेमका अर्ध्या तरंगाचा असेल तर ग्रहाचा प्रकाश खोडला जात नाही, उलट त्याची भर पडते.

एवढा खटाटोप का, ते आकड्यांवरून कळते. दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीच्या सुमारे १००० कोटी पट तेजस्वी आहे. १० मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशात, जिथे पृथ्वी स्वतःच्या उष्णतेने उजळते, हा फरक सुमारे १ कोटी पटीवर येतो. ३३ प्रकाशवर्षांवरून पाहिले तर सूर्य आणि पृथ्वी यांच्यातले कोनीय अंतर जेमतेम ०.१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) भरते. या अंतरावरची पृथ्वी १० मायक्रोमीटरला उजळ पट्ट्यात, म्हणजे जिथे प्रकाशाची भर पडते तिथे, यायची तर दोन दुर्बिणी सुमारे १० मीटर दूर हव्यात.

मूळ कल्पना रोनाल्ड ब्रेसवेल यांची, १९७८ सालची. अवकाशात फिरते यंत्र ठेवावे, म्हणजे मधला तारा सतत विझलेला राहील आणि कडेचा ग्रह फिरण्याच्या तालावर उजळत-मावळत राहील, असे त्यांनी सुचवले. पुढे युरोपीय अवकाश संस्थेची ‘डार्विन’ आणि नासाची ‘टीपीएफ-आय’ या मोहिमा याच तत्त्वावर आखल्या गेल्या. दोन्ही कागदावरच राहिल्या; डार्विनचा अभ्यास २००७ मध्ये थांबला. अवकाशात काय काय अडेल याची खरी ओळख मात्र जमिनीवरच्या यंत्रांनी करून दिली, आणि माझ्या मते या विषयाचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

अडचण कशी असते ते मी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात बडोद्यातच पाहिले. मायकेल्सनचा व्यतिकरणमापक, सोडियमचा पिवळा दिवा, भिंगातून दिसणारी एकात एक कडी. स्क्रू सुईच्या टोकाएवढा फिरवला तरी कडी आत शिरायची. पण हात न लावता, प्रकाशाच्या वाटेखाली नुसता तळहात धरला तरी ती वाकडी होऊन सरकू लागायची. वीतभर वाटेतली कोमट हवा इतके करते, तर ताऱ्याचा प्रकाश अख्ख्या वातावरणातून येतो. शून्याची खोली, म्हणजे खोडल्यावर उरलेला ताऱ्याचा प्रकाश, १ लाखांश हवी असेल तर दोन वाटांतली चूक १० मायक्रोमीटरच्या प्रकाशात सुमारे १० नॅनोमीटरपेक्षा जास्त चालत नाही. वातावरण ही चूक सेकंदाला अनेकदा करते, म्हणून पुढेमागे सरकणारे आरसे तितक्याच वेगाने ती भरून काढत राहतात. शिवाय जमिनीवरचे आकाश, आरसे, खांब सगळे साधारण २९० केल्विनला असतात आणि या तापमानाच्या वस्तू १० मायक्रोमीटरच्या आसपासच सर्वांत जास्त उजळतात. भर दुपारी चांदणे शोधावे तसे ते काम आहे.

तरीही १९९८ मध्ये ॲरिझोनातल्या मल्टिपल मिरर दुर्बिणीवर, ५ मीटर अंतरावरचे दोन आरसे जोडून, मृगातल्या काक्षी ताऱ्याचा प्रकाश शून्यावर आणला गेला आणि त्याच्याभोवतीची धूळ उघडी पडली. नंतर हवाईतल्या मौना केआवर केक दुर्बिणींची १० मीटरची जोडी ८५ मीटरच्या आधाररेषेवर (दोन दुर्बिणींतले अंतर) याच कामाला लागली. पालोमारच्या हेल दुर्बिणीवर वेगळी रीत सापडली. शून्य सतत डगमगते, तर त्याची सरासरी काढण्याऐवजी डगमगण्याचा आकार तपासायचा. कमी-जास्त मूल्यांची वाटणी कशी आहे यावरून ताऱ्याभोवतीचे खरे प्रकाशमान काढता येते. ही रीत नंतर लार्ज बायनॉक्युलर दुर्बिणीवरही कामी आली.

त्या दुर्बिणीचे काम थोडे थांबून सांगण्यासारखे आहे. ॲरिझोनातल्या माउंट ग्रॅहमवर ८.४ मीटरचे दोन आरसे एकाच चौकटीवर, मध्यापासून मध्यापर्यंत १४.४ मीटर अंतरावर बसवले आहेत. दोन्ही एकत्रच वळतात, म्हणून दोन वाटांची लांबी जुळवणारे लांबलचक विलंबमार्ग लागत नाहीत, आणि प्रकाश एकत्र करणारा भाग थंड पेटीत असतो. शून्य मोजण्यातली अनिश्चितता ०.०५ टक्क्यापर्यंत खाली आणली गेली. ‘होस्ट्स’ नावाच्या पाहणीत ३८ तारे तपासले. प्रश्न ग्रहाचा नव्हता, धुळीचा होता. सूर्याभोवतीच्या धुळीचा क्रांतिवृत्तालगत दिसणारा मंद उजेड हे एक एकक मानतात, त्याला ‘झोडी’ म्हणतात. ताऱ्याच्या राहण्याजोग्या पट्ट्यात, म्हणजे जिथे ग्रहावर पाणी द्रवरूपात राहू शकते तिथे, अशी धूळ फार असेल तर तिच्या उजेडात ग्रह बुडून जातो, आणि अवकाशातल्या आरशांचा आकार ठरवताना हे आधी कळायला हवे. सूर्यासारख्या ताऱ्यांसाठी मध्यक अंदाज ३ झोडी निघाला. ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा २७ झोडी. बहुतेक तारे त्यामानाने स्वच्छ आहेत, साधारण पाचातला एक मात्र बराच धुळकट. नवरात्रात गरब्याला निघताना पश्चिमेकडे उंचावर दिसणारा अभिजित त्या धुळकटांपैकी आहे.

चिलीतल्या पारानालवर ‘नॉट’ हे शून्यक उभारले जात आहे. ते ३.५ ते ४ मायक्रोमीटरमध्ये काम करणार, कारण तिथे उष्णतेचा गोंगाट कमी असतो. त्याचे लक्ष्य तरुण, अजून तापलेले मोठे ग्रह आहे. झुरिचच्या ईटीएच संस्थेच्या पुढाकाराने आखली जात असलेली ‘लाइफ’ मोहीम चार दुर्बिणी-यानांच्या ताफ्याचा विचार करते, ४ ते १८.५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात. या पट्ट्यात ९.६ मायक्रोमीटरला ओझोनची आणि १५ मायक्रोमीटरला कार्बन डायऑक्साइडची खूण येते. दुसऱ्या पृथ्वीवर नेमक्या याच दोन खुणा शोधायच्या आहेत, आणि जमिनीवरून पाहताना नेमक्या याच दोन जागी आपल्या डोक्यावरची हवा आड येते: ९.६ ला आपलाच ओझोन, १५ ला आपलाच कार्बन डायऑक्साइड.