तलावपाळीची पाळ

ठाण्यात रिक्षात बसताना आपण सहज म्हणतो, "तलावपाळीला सोडा." पाळ म्हणजे पाणी अडवणारा बांध, तलावाचा उंच काठ. हे माझ्या लक्षात आलं ते सोसायटीतल्या एका काकूंमुळे. त्या मूळच्या गोंदियाच्या. मासुंदा, म्हणजे तलावपाळीचा तलाव, त्याच्या काठावर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "पाळ तर आहे, पण तुडूम कुठंय?"

तुडूम हा पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांचा शब्द. मालगुजार म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा जमीनदार; हे तलाव एकेकाळी त्यांच्या ताब्यात होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंड राजांच्या काळापासून असे हजारो तलाव झाले, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. उतारावरून येणारं पाणी मातीच्या पाळीने अडवायचं. जादा पाणी जायला एका कडेला सलंग, म्हणजे सांडवा. शेतात पाणी सोडायला तुडूम: एकाखाली एक भोकं, प्रत्येकाला बोळा. पाणी उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. तिथे पाऊस तसा बरा पडतो, पण धान पोटरीत आलं की नेमका ओढ देतो. तलाव भरून ठेवायचा तो त्या दिवसांसाठी.

खऱ्या कोरड्या मुलखात रीत वेगळी. जैसलमेरकडे पालीवालांनी खडीन बांधले. खडकाळ माळावरून वाहून येणारं पाणी खोलगट जमिनीत लांब बांध घालून थोपवायचं, मुरू द्यायचं, आणि थंडीच्या सुरुवातीला त्याच ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा. म्हणजे तलावाचा तळ हेच शेत. आपल्या खान्देशात पांझरेवर फड आहेत. नदीत ठिकठिकाणी बंधारे, तिथून पाट, आणि गावाची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. मेहनताना गावच देई. मला ही व्यवस्था बंधाऱ्याच्या दगडांपेक्षा मोलाची वाटते. दगड पुन्हा रचता येतात. शेजाऱ्याने कधी पाणी घ्यायचं हे पिढ्यान् पिढ्या मान्य करून घेणं फार अवघड.

या सगळ्याचा जीव गाळात. तलाव दरवर्षी गाळाने थोडा भरतोच. उन्हाळ्यात लोक तो काढायचे, बैलगाडीने शेतात टाकायचे, पाळीची डागडुजी करायचे. तमिळनाडूत एरी नावाच्या तलावांसाठी गावाने करायच्या अशा कामाला कुडिमरामत्तु म्हणतात. विदर्भात ही साखळी तुटली ती १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर. जमीनदारी गेली हे योग्यच झालं, पण तिच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. आपलं पाणी आपण राखायचं ही सवय मोडली आणि गाळ साचत गेला.

ठाण्याची गोष्ट याहून निराळी नाही, फक्त कारण वेगळं. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण चार महिन्यांत. उरलेले आठ महिने काढायला तलाव हवेतच. शिलाहारांची राजधानी असलेलं हे श्रीस्थानक तलावांचं गाव झालं ते शोभेसाठी नव्हे. मासुंद्याकाठच्या कोपिनेश्वराचं आजचं देऊळ १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं. देवाच्या दारी तलाव असला की त्याची राखण आपोआप होते.

मग नळ आला. आज भातसेचं आणि उल्हास नदीचं पाणी ठाण्याच्या घरोघर पोचतं. नवी मुंबईत मोरबे धरणाचं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं, आणि गावठाणांतले तलाव गणपती विसर्जनापुरते आठवणीत राहिले. ठाण्यात पस्तीसेक तलाव उरले आहेत. त्यांच्याभोवती कठडे आहेत, दिवे आहेत, चालायला वाट आहे. पण त्यांच्या पाण्यावर कुणाची चूल पेटत नाही, म्हणून ते किती उथळ झाले हे काठावरच्या माणसाला कळत नाही.

राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. गाळ काढायचा, शेतकऱ्यांनी शेतात न्यायचा. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या आजोबांच्या बैलगाडीला कुठली योजना होती?" मग मासुंद्याच्या पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं, "इथला गाळ काढून टाकायचा कुठे? शेत कुठंय?"