भाषण ऐकून कोच ठरवू नका

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कोणी कारखानदार "कोच ठरवला" (म्हणजे धंद्यातल्या अडचणींवर समोर बसून विचार करायला मदत करणारा माणूस) असं सांगतो, तेव्हा मी आधी विचारतो, "कुठं भेटला?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "हॉलमध्ये कार्यक्रम होता. काय बोलला माणूस! दोन तास कोणी जागचं हललं नाही." चांगला वक्ता तो चांगला कोच, ही गफलत इथंच होते आणि ती मला आता बघवत नाही. पैसे तर जातातच, वर "कोचिंगचा काही उपयोग नसतो" असं मत कायमचं होऊन बसतं.

वक्ता म्हणजे काय हे बेळगावकरांना सांगायला नको, व्याख्यानमाला ऐकत वाढलेली माणसं आपण. समोरच्या तीनशे जणांपैकी प्रत्येकाला आपल्याबद्दलच चाललंय असं वाटायला लावणं हे मोठं कौशल्य आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण कोचचं काम वेगळं. दोघांमधले फी, ऑनलाइन की समोरासमोर, एकट्याला की गटाला, हे फरक वरवरचे आहेत. त्यात डोकं घालू नका.

विचार कोण करतं, ते बघा. भाषणातला विचार वक्त्यानं घरून करून आणलेला असतो. कोचिंगमध्ये तो तुम्हाला तिथंच बसून करावा लागतो.

समजा, वडिलांनी उभी केलेली फाउंड्री, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवायचा कारखाना, मुलाच्या हाती आली आहे. मुलगा म्हणतो, "फोरमन माझं ऐकत नाही, सारखा बाबांकडं जातो." व्यासपीठाची सवय असलेला माणूस लगेच नेतृत्वावर बोलू लागेल, दोन गोष्टी सांगेल, ऐकताना बरंही वाटेल. कोच विचारेल, "तो बाबांकडं जातो तेव्हा तुम्ही काय करता?" मुलगा गप्प होतो. कोचही गप्प राहतो. बऱ्याच वेळानं मुलगा म्हणतो, "काही नाही करत. खरं सांगू? बरंच वाटतं. निर्णय चुकला तर माझ्यावर येत नाही." हे वाक्य त्यानं याआधी स्वतःशीसुद्धा उच्चारलेलं नसतं. मधली शांतता कोचनं मोडली असती, तर ते आलंच नसतं. पुढचा प्रश्नही त्या वाक्यातूनच निघायला हवा, वहीत लिहून आणलेल्या यादीतून नव्हे.

(साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यामुळे ओतलेले भाग जास्त बाद होत असतील, तर फाउंड्रीचा जाणकार सल्लागार बोलवा. ते कोचचं काम नव्हे.)

म्हणून पैसे ठरवण्याआधी अर्ध्या तासाची चाचणी बैठक मागा आणि तिथं आज खरोखर सलणारा प्रश्न घेऊन जा. बैठकीतून काय हाती लागावं, हे कोचनं सुरुवातीलाच विचारलं का? जास्त वेळ कोण बोललं? "त्या फोरमनला काढून का टाकत नाही?" असं विचारणारा प्रश्नाच्या वेषात सल्लाच देतोय, हे ओळखा. तुम्ही "घुसमट" म्हणालात आणि त्यानं ते "स्ट्रेस" करून टाकलं, तर त्यानं ऐकलेलं नाही.

भाषेबाबत मी हट्टी आहे. आपण कामगारांशी कन्नडात बोलतो, घरी मराठीत, बँकेत इंग्रजीत. अडचण ज्या भाषेत खुपते, त्याच भाषेत बोलता आलं पाहिजे. पुण्या-बंगळुरूचा कोच कितीही नावाजलेला असो, सगळं इंग्रजीतच बोलावं लागणार असेल, तर मी निपाणी-खानापूरकडचा साधा पण कोचिंग शिकलेला कोच घेईन.

आता प्रमाणपत्र. कोर्स पूर्ण केल्याचा कागद आणि व्यावसायिक मानांकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही 1995 साली सुरू झालेली संस्था तीन पातळ्यांचं मानांकन देते. एसीसी या पहिल्या पातळीसाठी किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसी या मधल्या पातळीसाठी 125 आणि 500, एमसीसी या सर्वांत वरच्या पातळीसाठी 200 आणि 2500. भाषणांचे तास या अनुभवात धरले जात नाहीत. कोणाकडे मानांकन आहे, हे संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून पडताळता येतं. "सर्टिफाइड" एवढंच छापलेलं असेल, तर कोणाकडून आणि किती तास, हे विचारायला संकोचू नका.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घरच्या धंद्यांत फार महत्त्वाची आहे. फी वडील भरतात, बसतो मुलगा. कोचला सरळ विचारा, "बाबांनी फोन करून विचारलं, तर काय सांगाल?" "तसं काही होणार नाही हो," असं म्हणून विषय टाळणाऱ्याला मी घेणार नाही. चांगला कोच पहिल्या बैठकीआधीच तिघांना एकत्र बसवतो आणि बाबांना काय कळवायचं, काय नाही, हे बाबांच्या समोरच लिहून घेतो.